छिद्र, चौकोनी

आमच्या धंद्यात ‘चांगलं’ म्हणजे
जवळजवळ संपलेलं.
घोड्याचा जबडा उरलाय, डोळा गेलाय,
खाली नांगर असावा असं वाटतं, फाळ दिसत नाही,
की मी लिहिते : चांगलं. सत्तरापैकी चार.
‘बरं’ म्हणजे तर नुसती तांब्याची चकती,
जिच्याकडे बोट दाखवून कुणीतरी शपथेवर सांगावं
की ही कधीकाळी चलनात होती.

ॲनेका ट्युनिसननं मला हे काम शिकवलं,
फ्लेमिंग्टनच्या दुकानामागच्या खोलीत, एका दिव्याखाली.
म्हणायची, साल आधी बघू नकोस,
साल खोटं बोलतं.
मॅसॅच्युसेट्सचे ते पाइनच्या झाडाचे शिलिंग घे,
वर्षानुवर्षं पाडत राहिले
आणि सगळ्यांवर सोळाशे बावन्न.
उंचवटे बघ आधी : गाल, आयाळ, ढालीचा मध्य.
जे वर येतं तेच पहिल्यांदा झिजतं.
हे मी नाण्यांबद्दल बोलतेय,
असंही तिनं लगेच स्पष्ट केलं.

गॅरेट व्हूरहीस फेब्रुवारीत आला.
काउंटीच्या रस्त्यांवर बर्फाचा नांगर चालवतो
(आम्ही इथे त्यालाही नांगरच म्हणतो),
बुटांवर मिठाचे पांढरे ओघळ, डोळे रात्रभर जागलेले.
खोकल्याच्या गोळ्यांची डबी, डबीत कापूस,
कापसात न्यू जर्सीचा तांब्याचा पैसा,
सतराशे सत्याऐंशी,
आणि घोड्याच्या कानांच्या वर आरपार भोक.

बटाट्याच्या शेतात सापडला, म्हणाला.
घासला नाही, शपथ.
बहुतेक जण घासतात.
दोनशे वर्षांचा तपकिरी रंग
एका रविवारी दुपारी, कौतुकानं, नळाखाली.

मी तोंड उघडलं, नेहमीचं सांगायला :
भोक असलं की गुण देत नाही आम्ही.
‘तपशील’ एवढंच लिहितो, आणि पुढे दोष.
किंमत तर

तो म्हणाला, किंमत नको.
कुठल्या बाजूनं पाडलंय ते सांगा.

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

भिंग. दिवा तिरका.
छिद्र चौकोनी, म्हणजे लोहाराच्या ऐरणीवरचा खिळा.
घोड्याकडून शिरलेला;
मागे ढालीवर तांब्याचा ओठ उलटलाय,
आणि तो ओठही गुळगुळीत.
ढाल पुसूनच गेलीय,
इकडे आयाळीचे मात्र केस मोजावेत.
एक बाजू अंगाला लागून होती, पुष्कळ वर्षं.
दुसरी लोकांकडे.
भोकाची वरची कड दोऱ्यानं ओढून ओढून लांबट झालेली.
आणि जागा अशी,
की टांगलं तर घोड्याचं तोंड सरळ राहावं.
खिळा टेकवण्याआधी कुणीतरी हे
दोन बोटांत धरून झुलवून पाहिलं असणार.

सगळं मी त्याला सांगितलं.
लहान होतं का कुणी, त्यानं विचारलं.
दोऱ्याची लांबी नाण्यावर उरत नाही, मी म्हणाले,
आणि मलाच ते जरा उर्मट वाटलं.

मग चिठ्ठी लिहायला घेतली.
वजन, नऊ ग्रॅमला थोडं वर.
साल, कारण साल लिहावंच लागतं.
‘तपशील’.
त्यापुढे ‘छिद्र’ लिहून थांबले.
रकाना अगदी छोटा आहे.
‘चौकोनी’ कसाबसा मावला,
शेवटची वेलांटी चौकटीबाहेर गेली.

त्यानं फी विचारली. मी सांगितली, आणि घेतलीही.
कापसात ठेवताना पैसा उलटा पडला,
तो त्यानं नखानं फिरवून घोडा वर केला.
बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.
चारला पाळी आहे, म्हणाला,
आणि डबी बंद होताना
आत काहीच वाजलं नाही.